वेशीच्या आतली बंद पडलेली चहाची हॉटेलं – कुणाला काय आठवतंय ते सांगा

उभामारुती_चौक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मी दीड वर्ष कंपनीच्या कामाला इंग्लंडात यॉर्कला होतो, दिवाळीच्या आधी कोल्हापूरला परत आलो. यॉर्क म्हणजे तटबंदीचं जुनं गाव. तट अजून बराचसा शाबूत आहे, साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि वरनं चालत फिरता येतं. तिथं गावाच्या वेशीला 'बार' म्हणतात आणि रस्त्याला 'गेट'. मिकलगेट बार, मंक बार, बूथम बार ह्या सगळ्या वेशी, आणि स्टोनगेट म्हणजे रस्ता. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला लगेच आपली गंगावेस आठवली, वेस नाही पण नाव आहे, तिथं नाव पण आहे आणि वेस पण आहे.

पण मला जे लागलं ते वेगळंच. तिथली लोकं बंद पडलेल्या पबांची सुद्धा आठवण धरून आहेत. कोनी स्ट्रीटवर ब्लॅक स्वान नावाचा पब होता, १७०६ साली तिथनं लंडनला घोडागाडी सुरू झाली, चार दिवसांचा प्रवास, आणि त्याची छापील जाहिरात आजपण लोक सांगतात. तो पब आता तिथं नाही. पण माझ्या ऑफिसातला एक साधा क्लार्क मला त्या रस्त्यावर नेऊन हात करून सांगत होता की हितं होता, हितनं गाडी आत जायची. स्टोनगेटवर एक पब १६४४ पासूनचा, त्याची पाटी अख्ख्या रस्त्यावर आडवी टाकलेली, तो चालू आहे. म्हणजे जे आहे ते जपलंय आणि जे गेलं त्याची जागा पाठ आहे. पब म्हणजे नुसती दारू नव्हती त्यांच्याकडं, गाड्या तिथनं सुटायच्या, सौदे तिथं ठरायचे, गावाची बातमी तिथं कळायची.

आपल्याकडं हे सगळं काम चहाच्या हॉटेलांनी केलं. माझे आजोबा रोज सकाळी आंघोळ झाली की अंबाबाईला लांबनं हात जोडायचे आणि भवानी मंडपाच्या बाजूच्या एका हॉटेलात जाऊन बसायचे, घरात चहा होत असताना सुद्धा. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जायचो. पेपर एकच यायचा, त्याची पानं सुटी करून चार टेबलावर फिरायची, ज्याचं वाचून झालं त्यानं 'कुस्तीचं पान कुणाकडं हाय' म्हणून हाक मारायची. आजोबा गेले, हॉटेल कधी बंद झालं मला कळलं पण नाही. परवा गेलो तर जागाच ओळखू आली नाही. मोबाईलच्या कव्हरचं दुकान की शेजारचं, तेच ठरवता येईना. वडलांना विचारलं, ते म्हणाले डावीकडं. काका म्हणाले उजवीकडं. दोघंही तिथं पाचशे वेळा चहा प्यालेले.

तर माझा प्रश्न असा की जुन्या गावात, म्हणजे पूर्वीच्या तटाच्या आत, गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थ वेस ते बिंदू चौक एवढ्या पट्ट्यात, कुठली कुठली हॉटेलं होती, कुठं होती, कोण बसायचं तिथं? मला यादी करायचीय, नकाशावर खुणा करायच्यात. मालकांची नावं नकोत, जागा आणि आठवण पाहिजे.

पेठेतला_तात्या

भावा चांगला विषय काढलास. माझं वय ७१, शिवाजी पेठेत जन्म, त्यामुळं माझ्याकडं सांगायला लई आहे.

आधी एक, तटाच्या आत म्हणतोयस तर तट कसा गेला ते पोरांना ठाऊक पाहिजे. १८५७ ला ३१ जुलैला हितली २७ वी पलटण उठली. नंतर डिसेंबरात गावाच्या वेशी आतनं बंद करून घेतल्या आणि इंग्रजांनी वेस फोडून आत शिरकाव केला. छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराजांना पकडून कराचीला नेलं, ते परत आलेच नाहीत, तिथंच १८६९ ला गेले. ज्या गावानं वेशी बंद करून दाखवल्या त्या गावाला इंग्रज वेशी ठेवतोय होय! पुढं तट उतरला, खंदक बुजला. आता बिंदू चौकात तेवढा एक बुरुज आणि तटाचा तुकडा उभा आहे. आणि तटाकडील तालीम, नावातच तट आहे बघ. वरुणतीर्थाचं पाणी गेलं, तिथं गांधी मैदान झालं. कपिलतीर्थाची मंडई झाली. आपल्याकडं वस्तू जाते आणि नाव ऱ्हातं. हॉटेलांचं मात्र नाव पण ऱ्हायलं नाही, हे तू बरोबर धरलंस.

आता हॉटेल. मिरजकर तिकटीकडनं खासबागेकडं जाताना एक हॉटेल होतं, सहा टेबलं, वर पांढरी फरशी, त्यातली एक तडकलेली, आणि त्या तडकलेल्या टेबलावर आम्ही पोरं. पुढची टेबलं वस्तादांची. सगळं गाव तिथं बसायचं. खासबागला कुस्त्यांचं मैदान असलं की त्या दिवशी सकाळी आठपासनं हॉटेलात उभं ऱ्हायला जागा नसायची. कागल, गडहिंग्लज, पार सांगलीकडची माणसं सायकलीवरनं, एस्टीनं यायची, आणि कुठली जोड कशी लागणार ह्याचा काथ्याकूट चहावर. पंजाबचे पैलवान बघितलेत मी तिथं बसलेले, त्यांना चहा चालायचा नाही, दूध मागवायचे, आणि बशीत नाही, तांब्यात. शाहू महाराजांनी १९१२ ला ते मैदान बांधलं, बैठक अशी की कुठनं पण आखाडा दिसतो. कुस्ती सुटली की तीच माणसं परत हॉटेलात, आता हरलेला कसा हरला ह्याच्यावर. मिसळ असायची, कट वेगळ्या भांड्यात, स्लाइस ब्रेड, आणि कट कितीही घ्या. मालक कधी नाही म्हणाला नाही.

१९८० च्या पुढं कधीतरी त्यानं मागची भिंत पाडून तिथं लॉज काढलं. मग पुढचं पण बंद केलं.

फुटबॉलवाल्यांची हॉटेलं वेगळी बरं का. पाटाकडील संघवाल्यांचं एक, दिलबहार संघवाल्यांचं एक. मॅच हरली की दुसऱ्या पेठेच्या हॉटेलात चार दिवस पाय ठेवायचा नाही. ही शिस्त होती.

शुक्रवारपेठेची_लेक

तात्या नमस्कार. तुमचं वाचून बरं वाटलं पण मला एक गोष्ट बोलायचीय आणि मी ती बोलणारच. ह्या सगळ्या हॉटेलात बायका कुठं होत्या? मी शुक्रवार पेठेत वाढलो (आमच्यात बायका असंच बोलतात, बाहेरच्यांनी समजून घ्या), माझ्या आईनं ऐंशी वर्षांच्या आयुष्यात गावातल्या एका पण हॉटेलात बसून चहा प्यालेला नाही. वडील बशीतला चहा पिऊन यायचे आणि आई दारात उभी राहून गल्लीतल्या बायकांशी बोलायची, तिचं हॉटेल म्हणजे उंबरा. एखाद्या हॉटेलात फॅमिली रूम म्हणून पडदा लावलेली खोली असायची, तिथं पण नवरा बरोबर असला तरच. तर नकाशा करताना हे पण लिहा.

आमचं बसायचं ठिकाण म्हणजे गंगावेशीचा दूध कट्टा. माझ्या मते कोल्हापूरचा खरा पब तो. बाहेरच्यांना सांगतो, संध्याकाळ झाली की म्हशी रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या. गवळी आधी आचळ धुणार, दोन-चार धारा भुईवर सोडणार, मग ग्लास खाली धरून धार. भांड्यात पडताना आवाज बदलत जातो, रिकाम्या ग्लासात टण्ण आणि भरत आला की भुसभुस. वर दोन बोटं फेस. ते तापवायचं नाही, साखर नाही, तसंच उभ्यानं प्यायचं, आणि ग्लास हाताला कोमट लागतो. लहानपणी मला वडील घेऊन जायचे आणि त्या कट्ट्यावर पोरी, म्हाताऱ्या, तालमीतली पोरं, रिक्षावाले सगळे एकाच ओळीत उभे असायचे. तिथं मला कुणी म्हटलं नाही की तू हितं कशी. गंगावेस तालमीतले पैलवान ग्लासानं नाही पीत, चरवी लावतात तोंडाला.

कट्टा अजून आहे पण पूर्वीएवढ्या म्हशी नाहीत. गावात गोठे परवडत नाहीत, जागा गेल्या. दिवाळी पाडव्याला म्हशी नटवून फिरवतात तेव्हा गर्दी होते, फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच म्हशीचा वास येतो म्हणून शेजारच्या अपार्टमेंटवाले तक्रार करतात. ह्याचा मला लई राग येतो. गोठा आधी होता की अपार्टमेंट?

उभामारुती_चौक

ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं, खरं सांगतो. दूध कट्टा यादीत पहिला घेतो. आणि उंबऱ्याचं पण लिहितो.

तात्या, मिरजकर तिकटीच्या हॉटेलाची नेमकी जागा सांगाल का, डाव्या हाताला का उजव्या?

पेठेतला_तात्या

खासबागेकडं तोंड करून उभं ऱ्हायलं की डाव्या हाताला. त्यात दुमत असेल तर मला घेऊन चल, मी उभा राहून दाखवतो.

निळी_शाई

मंडळी, एवढं सगळं लिहून झालं आणि एका हॉटेलाचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहायला बसलो. भाऊसिंगजी रोडवरचं गंगाराम कांबळेंचं 'सत्यसुधारक'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठ्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली, पाठ फोडून काढली. महाराज तेव्हा बाहेरगावी होते, परत आल्यावर गंगारामनी पाठ दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच पण गंगारामना म्हणाले तू आता नोकरी नको करू, स्वतःचा धंदा कर, आणि पैसे दिले. त्यातनं गावात भर रस्त्यावर चहाचं हॉटेल निघालं. स्वच्छ, चहा चांगला, पण महाराचं हॉटेल म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांची गाडी त्या हॉटेलापुढं थांबायला लागली. गाडीतनंच हाक मारून चहा मागवायचा, आणि बरोबर जो सरदार, अधिकारी, भटजी असेल त्याला पण पाजायचा. कामासाठी, सहीसाठी माणसं राजवाड्यावर यायची, त्यांना महाराज सांगायचे आधी गंगारामच्या हॉटेलात चहा पिऊन या. छत्रपतींनीच कप तोंडाला लावल्यावर दुसरा कोण नाही म्हणणार.

आता वर तात्या म्हणाले हॉटेलात सगळं गाव बसायचं. तात्या, राग मानू नका, तुम्ही वडीलधारे आहात, पण सगळं गाव बसत नव्हतं. माझा पणजा करवीर तालुक्यातला, गावच्या हॉटेलात त्याची कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असायची. चहा वरनं ओतायचा, पिऊन झाला की स्वतः विसळून परत खोचून ठेवायची. आजा सांगायचा की पणज्याच्या कपाचा कान तुटलेला होता आणि तो बदलून मिळावा म्हणून सुद्धा बोलायची सोय नव्हती. त्या माणसाला कोल्हापुरात बाजाराला आल्यावर आत बाकड्यावर बसून, कान असलेल्या कपात चहा मिळाला असेल तर तो कुठल्या हॉटेलात मिळाला असेल? १९१९ ला महाराजांनी सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळायची नाही असा हुकूम काढला, १९२० च्या मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, बाबासाहेबांना महाराजांनी तिथं पुढारी म्हणून लोकांपुढं उभं केलं. हे सगळं मोठं आहे, पुस्तकात आहे. पण माझ्या घरात पिढ्यान्पिढ्या जे सांगितलं गेलं ते त्या एका कपाचं.

बिंदू चौकात १९५० सालचा बाबासाहेबांचा पुतळा आहे, ते हयात असताना बसवलेला. त्या पुतळ्यापासनं भाऊसिंगजी रोड काही लांब नाही. यॉर्कवाले १७०६ ची घोडागाडी सांगतात ना, आपल्याकडं सांगायला हे आहे. नकाशावर एकच खूण करायची म्हटली तरी पहिली ही करा.

पेठेतला_तात्या

राग कशाला येईल रे बाळा. बरोबर बोललास. मी बसायचो म्हणून मला सगळं गाव दिसलं. ज्याला आत घेतलं नाही तो मला दिसणार कसा. माझा वरचा शब्द मागं घेतो.

व्हीनसला_उतरणार

थोडं विषयाच्या बाहेर पण सांगतो. व्हीनस कॉर्नर म्हणतो आपण, रिक्षावाल्याला सांगतो, पण व्हीनस टॉकीज आता तिथं कुठाय. नवीन पोरांना वाटतं कुठल्यातरी कंपनीचं नाव असेल. तशीच उमा टॉकीजची. टॉकीजच्या बाहेरची हॉटेलं इंटरव्हलवर जगायची, दहा मिनिटात दीडशे चहा, पोऱ्या दोन्ही हातात आठ-आठ ग्लासांची जाळी घेऊन पळायचा. टॉकीज बंद झाली की महिन्याभरात हॉटेल बंद. हे तटाच्या बाहेरचं आहे म्हणून यादीत धरू नका पाहिजे तर.

हॉटेलवाल्याचा_पोरगा

तीन दिवस हा धागा वाचतोय, लिहू का नको करत होतो. आमचं हॉटेल होतं. शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. वडलांनी १९६८ ला काढलं आणि २०१९ ला बंद झालं, म्हणजे ५१ वर्षं. का बंद पडली विचारता तर आतनं सांगतो.

लोक म्हणतात पोरांनी चालवलं नाही. मी चालवलं, बारा वर्षं. पहाटे साडेतीनला उठून भट्टी पेटवायची, कोळसा पेटायला पाऊण तास, पहिला चहा पाचला, तो घाटावर जाणाऱ्यांचा. दूध वीस लिटर लागायचं ते नंतर नंतर आठ लिटरवर आलं. जागा पागडीची, मालकाची पुढची पिढी आली त्यांना बिल्डर दिसायला लागला. एका ऑफिसात लायसन रिन्यू करायला हेलपाटे घालून घालून चप्पल झिजली, दर वेळी नवीन कागद. आणि खरी गोष्ट म्हणजे एक माणूस एका चहावर दोन तास बसतो, हेच तर हॉटेल होतं, त्यालाच तर माणसं यायची, पण त्या दोन तासाचं भाडं त्या चहातनं निघत नाही. आता सगळीकडं उभ्यानं प्यायचा चहा आहे बघा, एक टेबल नसतं, बाकडं नसतं. माणूस बसला की तोटा. वडलांचा हिशोब उलटा होता, माणूस उठून गेला की तोटा.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर. नदी ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोराला पण पाठ, त्यामुळं ४३ झाली तेव्हाच आम्ही भांडी, बाकडी माळ्यावर चढवली होती. पाणी माळ्याला लागलं. आठवड्यानं आत गेलो तर भट्टीत गाळ बसलेला, गुडघ्याएवढा. उधारीची वही हाताला लागली, उघडली तर पानं एकाला एक चिकटून लगदा झालेला. ४०-४५ माणसांची उधारी त्यात. वडील ती वही हातात धरून म्हणाले, बरं झालं, सगळे मोकळे झाले. त्यानंतर ते हॉटेलात आले नाहीत. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा जागा आमच्याकडं नव्हतीच.

पण आमच्याकडं एक गोष्ट आहे. आमच्या हॉटेलाला शटर नव्हतं, फळ्या होत्या. सागवानी, अकरा फळ्या, वर-खाली खाचेत सरकवायच्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला, १ ते ११. क्रम चुकला की शेवटची बसत नाही कारण प्रत्येक फळी वेगवेगळ्या वेळी बदललेली, कुठली जाड कुठली पातळ. अंधारात सुद्धा वडील हात लावून सांगायचे ही सात, ही नऊ. सातच्या फळीवर आतनं खडूनं दूधवाल्याचा हिशोब लिहायची सवय, लाकडात पांढरं मुरलंय, पुराच्या पाण्यात पण गेलं नाही. त्या फळ्या मी धुऊन, वाळवून घराच्या गच्चीवर पत्र्याखाली उभ्या करून ठेवल्यात. घरातले म्हणतात जळणाला दे. नाही दिल्या.

उभामारुती दादा, तुमच्या नकाशाला उपयोग होणार असेल तर फोटो काढून देतो, नाहीतर फळ्याच घेऊन येतो, टेम्पो माझा मी करतो.

उभामारुती_चौक

दादा, वाचून गप्प बसलो बराच वेळ. फळ्या बघायला मीच येतो, आणि वडलांना चालत असेल तर त्यांच्याशी बोलायचंय. त्यांना त्रास होईल असं काही विचारणार नाही.

बाकीच्यांना सांगतो, येत्या रविवारी सकाळी सातला बिंदू चौकात बुरुजापाशी जमूया. तिथनं पहिल्यांदा भाऊसिंगजी रोड, निळी शाई यांनी पुढं चालायचं. मग भवानी मंडप, मिरजकर तिकटी, तात्या जागा दाखवतील. शेवट गंगावेस, ताई असतील तर. वही-पेन मी आणतो. माझे वडील आणि काका दोघं पण येणार आहेत, डावं की उजवं ते जाग्यावरच मिटवू.

शुक्रवारपेठेची_लेक

येतो. आईला पण घेऊन येतो रिक्षातनं, डायरेक्ट गंगावेशीला. तिच्यासाठी बसायला एक खुर्ची लागेल.

हॉटेलवाल्याचा_पोरगा

खुर्ची मी आणतो ताई, हॉटेलातलीच एक शिल्लक आहे.

वडलांना विचारलं, ते रविवारी येतो म्हणालेत. एकच निरोप द्यायला सांगितलाय म्हणून लिहितो. अकरा फळ्यांतल्या दहाच आहेत. चार नंबरची पुरात वाहून गेली. शुक्रवार पेठ, दुधाळी, कुंभार गल्ली, त्या बाजूला कुणाला गाळात सापडली असेल तर बघा, चार हाताहून थोडी उंच, वीतभर रुंद, आकड्याचं खालचं टोक जरा घासलेलं आहे.